ओझेला गाडी शिकते

ओझेला ट्रेडवेल सत्तरीला टेकली होती, पण जन्मात तिनं गाडीच्या स्टेअरिंगला हात लावला नव्हता. त्याची तिला लाजही वाटत नव्हती. लग्नाआधी पाय होते, लग्नानंतर नवऱ्याचा, होझेयाचा, ट्रक होता, आणि तो देवाघरी गेल्यावर लेक होती. "नेणारं माणूस देवानं मला कधी कमी पडू दिलं नाही," असं ती चर्चमधल्या बायकांना सांगायची आणि सांगताना मान जरा ताठ करायची.

मग फेब्रुवारीत लेक गेली.

वॉन्डा सेहेचाळीस वर्षांची होती. शाळेची पिवळी बस चालवायची. त्या दिवशी सकाळची फेरी आटोपून तिनं डेपोत बस लावली, किल्ली हुकाला अडकवली, "डोकं फार दुखतंय गं" असं कुणाला तरी म्हणाली आणि खुर्चीत बसली ती बसलीच. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मुलं सगळी सुखरूप शाळेत पोचली होती. लोक एवढ्या एका गोष्टीला धरून ओझेलाची समजूत घालत होते. अंत्यविधीला मुलं इतकी आली की चर्चच्या बाकांवर मोठ्या माणसांना जागा उरली नाही. दुसरीतली एक मुलगी, केसांच्या वेण्यांना पांढरे मणी लावलेली, शवपेटीपाशी येऊन हळूच म्हणाली, "मिस वॉन्डा, मी आता सीटवर उभी राहत नाही." ते ऐकलं आणि ओझेलानं इतका वेळ धरलेला बांध फुटला.

वॉन्डाची एकुलती एक लेक केझाया आई गेली त्याच संध्याकाळी अटलांटाहून आली होती. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचा बाप ती रांगत असतानाच टेक्सासला गेला आणि तिकडचाच झाला, त्यामुळे आता घरात दोघीच. केझाया आधी म्हणाली, महिनाभर राहते. मग म्हणाली, हे सत्र जाऊ दे. मग काउंटीच्या मुख्य गावात एका दुकानात तिनं उन्हाळ्यापुरती नोकरी धरली. आईची मरून रंगाची ब्युइक गाडी घेऊन ती कामावर जायची, आजीला दवाखान्यात न्यायची, बाजाराला न्यायची, रविवारी चर्चला न्यायची. बोलायची थोडं, जेवायची त्याहून थोडं. झोप तर तिला येतच नसावी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिच्या सावळ्या रंगावरही उठून दिसायला लागली होती.

जुलै संपता संपता, भजनांच्या तालमीनंतर, अर्लीननं बातमी दिली. अर्लीन म्हणजे ओझेलाची लहानपणापासूनची मैत्रीण. गावातली कुठलीही बातमी आधी तिच्याकडे यायची आणि मग फुटायची.

"तुझ्या नातीला दुकानात मॅनेजर करतायत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"माझी भाची तिथंच काउंटरला असते. सप्टेंबरपासून पक्कं, म्हणाली. तुला माहीत नव्हतं? अगं बाई. मी काही बोलले नाही हं."

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर ओझेलानं कोबीची भाजी वाढता वाढता विचारलं, "कॉलेज कधी उघडतं गं तुझं?"

"ऑगस्टच्या शेवटी."

"मग बॅगा कधी भरायच्या?"

केझाया मक्याच्या पावाचा तुकडा बोटांनी चुरत राहिली. "या वर्षी नाही जात, आजी."

"का?"

"का काय? दवाखाना बावीस मैल. बाजार त्याच्याही पलीकडे. तुझ्या साखरेची तपासणी असते. मी गेले तर तुला कोण नेणार? चर्चचा डीकन प्र्यूइट?"

"प्र्यूइटच्या ट्रकमध्ये बसण्यापेक्षा मी नरकात चालत जाईन. निदान तिथं कुणी मला त्याच्या मूतखड्याची गोष्ट सांगणार नाही."

"बघ. म्हणून म्हणते."

ओझेलानं भाजीचं भांडं खाली ठेवलं. तोंडातून काय निघतंय हे कळायच्या आत ते निघून गेलं होतं. "मग मी शिकते गाडी."

केझाया आजीकडे बघत राहिली. आणि मग हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला ठसका लागला, ओझेलानं उठून तिच्या पाठीत दोन थापट्या मारल्या, तरी ती हसतच होती. "तू? आजी, तुला मिक्सरची भीती वाटते."

"मिक्सरला ब्रेक नसतो," ओझेला म्हणाली.

शिकाऊ परवान्यासाठी आधी लेखी परीक्षा द्यावी लागते. ओझेलानं नियमांचं पुस्तक बायबलसारखं मांडीवर घेतलं आणि चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. तरी पहिल्या खेपेला नापास झाली. पिवळा दिवा दिसला तर काय कराल, या प्रश्नावर ती अडली होती.

"मागं कोण आहे त्यावर आहे ना ते," घरी येताना ती केझायाला सांगत होती. "मागं शेंगांचा ट्रक असेल तर थांबून कसं चालेल? चेचून टाकील तो."

"आजी, तिथं चारच उत्तरं होती. त्यात ट्रक नव्हता."

"म्हणून तर उत्तर चुकलं. प्रश्नच अर्धा होता."

दुसऱ्या खेपेला तिनं स्वतःची अक्कल घरी ठेवली, पुस्तकातलं लिहिलं आणि पास झाली. त्या रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून ही वार्ता सांगितली तेव्हा सगळं चर्च टाळ्या वाजवायला लागलं. डीकन प्र्यूइट तेवढा म्हणाला, "आता आपण सगळ्यांनी जास्त प्रार्थना करायला हवी."

पहिला धडा चर्चच्या मागच्या आवारात ठरला. गुरुवारी दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. केझायानं गाडी मधोमध उभी केली, उतरली आणि आजीला आत बसवलं. बसल्या बसल्याच अडचण कळली. वॉन्डा बापाच्या वळणावर गेली होती, लांब पायांची. केझायाही तशीच. त्यामुळे फेब्रुवारीपासून त्या सीटला हात लावायची वेळ कुणावर आली नव्हती. ओझेला मात्र बुटकी आणि गोल. तिचे पाय हवेत लोंबकळत होते.

"ही पुढं घ्यायला हवी गं."

"थांब," केझाया म्हणाली आणि चर्चमध्ये जाऊन बाकांवरच्या दोन गाद्या घेऊन आली. एक पाठीमागं, एक बुडाखाली. "आता?"

आता बुटाचं टोक ब्रेकला लागत होतं, कसंबसं. केझायानं सांगितलं तशी ओझेलानं गाडी चालती केली. ब्युइक म्हाताऱ्या गाईसारखी संथ निघाली. ओझेलानं ब्रेक दाबायला पाय ताणला, पाठीमागची गादी सरकली आणि पाय सटकला. समोर चर्चचा फळा होता, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "ये, तो तुझी वाट पाहत आहे." फळ्यापासून हातभरावर गाडी थांबली, तीही केझायानं मधला हँडब्रेक ओढला म्हणून.

"त्याला म्हणावं, आज नको," ओझेला धापा टाकत म्हणाली.

केझाया हसली नाही.

"सीट पुढं घ्यायची, दुसरा उपाय नाही," ओझेला म्हणाली. "कुठून हलते ही? खाली दांडा आहे का?"

"सीटला हात लावायचा नाही."

"अगं, ब्रेक लागत नाही मला."

"मग नको शिकू."

"केझाया."

"आई बसायची तिथं आहे ती. एकदा हलवली की पुन्हा त्या जागी येणार नाही. आणखी काय काय न्यायचंय? तिचे कपडे तू चर्चला देऊन टाकलेस. मला विचारलंस?"

ओझेलानं स्टेअरिंगवरचे हात खाली घेतले. "ते कपाट उघडलं की माझ्यानं उभं राहवत नव्हतं."

"आणि मला त्या कपाटात जाऊन बसायचं होतं. मी कामावरून आले तर रिकामं. नुसते हँगर." केझायाचा आवाज फाटला. "माझी आई होती ती."

"आणि माझी कोण होती?" ओझेलाही आता थांबायला तयार नव्हती. "तुला ती एकवीस वर्षं मिळाली. मला सेहेचाळीस. मी आधी जायचं होतं, तिनं मला पोचवायचं होतं. हे सगळं उलटं झालंय, केझाया. मी तिला आंघोळ घातलीय पहिली, आणि शेवटच्या दिवशी तिचे केसही मीच विंचरले. हे कुणाला जाऊन सांगू?"

केझाया गाडीतून उतरली आणि चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, पाठ करून. बऱ्याच वेळानं परत आली. ओझेला तोवर आपल्या नेहमीच्या जागी, बाजूच्या सीटवर जाऊन बसली होती. गाद्या परत ठेवायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. पुढचे दोन दिवस मीठ दे, पाणी दे, यापलीकडे शब्द फुटला नाही.

शनिवार बाजाराचा. तो काही टळत नाही. दोघी निघाल्या. दुतर्फा शेंगांची शेतं, मधूनच पेकनची जुनी झाडं, तापलेल्या डांबरावर पाण्यासारखं चमकणारं ऊन. काउंटीच्या गावात शिरताना पशुखाद्याच्या दुकानापाशी सिग्नल आहे. तो लाल झाला आणि केझायानं गाडी थांबवली.

"इथं," ओझेला म्हणाली.

"इथं काय?"

"तू येणार, हे मला इथं कळलं."

केझायानं मान वळवली नाही, पण तिची बोटं स्टेअरिंगवर ताठ झाली.

"तेव्हा ही गाडी नव्हती. तुझ्या आजोबांचा ट्रक होता, वॉन्डा चालवत होती. हाच सिग्नल, असाच लाल. समोर बघत बघत म्हणाली, आई, मला दिवस गेलेत. मी तिच्याकडे बघेपर्यंत हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवतायत आणि ही बया ट्रक हलवत नाही. म्हणते, तू आधी काहीतरी बोल, मग निघते."

"मग? तू काय बोललीस?"

"म्हटलं, चालव आता, दुकान बंद व्हायच्या आत मला लोकर घ्यायचीय. लोकरवाल्या जेन्नाच्या दुकानात पिवळी लोकर होती. त्या पिवळ्या टोपड्यात तू बदकाचं पिल्लू दिसायचीस."

मागून हॉर्न वाजला. सिग्नल हिरवा झाला होता. केझायानं गाडी पुढं काढली.

"टेबलाशी बसून तिनं मला कधी काही सांगितलं नाही," ओझेला म्हणाली. "समोरासमोर बसलं की तिची दातखीळ बसायची. गाडीत डोळे रस्त्यावर असायचे, मग जीभ सुटायची. तुझा बाप सोडून गेला ते गाडीत कळलं. तुला गणितात बक्षीस मिळालं तेही गाडीत. अगं, मी बाजाराला जायची ती भाजीसाठी थोडीच. शनिवारी माझी पोरगी मला मिळायची."

केझायानं गाडी बाजाराकडे वळवली. मग दुकानाच्या आवारात गाडी लावता लावता म्हणाली, "तुला एक सांगू? आजोबा गेले तेव्हा तू तिला म्हणाली होतीस ना, मला गाडी शिकव म्हणून?"

"म्हणाले होते. ती म्हणाली, शाळेला सुट्टी लागू दे. मग म्हणाली, पुढच्या सुट्टीत. शेवटी मीच नाद सोडला. मला वाटलं, ही मला धांदरट समजते."

"मी विचारलं होतं तिला, का शिकवत नाहीस गं आजीला. तर म्हणाली, शिकवली की म्हातारी एकटीच जाईल बाजारात. मग शनिवारी मी कुणाशी बोलू?"

ओझेलानं तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे खांदे हलायला लागले. केझाया घाबरली, आपण बोललो ते चुकलं की काय. पण आजी हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते वेगळंच.

"लबाड कार्टी," ओझेला म्हणाली. "नऊ वर्षं मला टोलवत होती. नऊ वर्षं. आणि मी आपली स्वतःला मूर्ख समजत बसले." रुमालानं तोंड पुसून ती पुन्हा म्हणाली, "लबाड कुठली."

केझायानं पर्समध्ये हात घालून नेलपॉलिशची बाटली काढली, लालभडक रंगाची. ती खाली उतरली, दाराशी गुडघ्यांवर बसली आणि सीटखालच्या रुळावर, सीट जिथं थांबली होती अगदी तिथं, एक ठिपका दिला. फुंकर मारून वाळवला. सामान ढकलत जाणारे लोक वळून बघत होते, बघू देत.

"आईची जागा इथं," ती म्हणाली. "आता कुठंही हलव. परत आणता येईल."

मग तिनंच दांडा ओढला आणि सीट पुढं घेतली. गंजलेल्या रुळावर ती कुरकुरत आली. "ये, बस बघू. पाय टेकतात?"

टेकत होते.

त्यानंतर रोज दुकान सुटल्यावर शिकवणी सुरू झाली. मागच्या सीटवर अर्लीन येऊन बसायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण एवढा तमाशा चालू असताना ती घरी बसणाऱ्यातली नव्हती. तिच्याकडे जुना परवाना होता, तरी घर ते चर्च यापलीकडे तिनं कधी गाडी नेली नव्हती. त्यामुळे सूचना मात्र भरपूर.

"डावीकडे कुत्रं आहे, ओझेला."

"दिसलं."

"उजवीकडे पत्रपेटी आहे."

"ती काय रस्ता ओलांडणार आहे का, अर्लीन?"

"तुझ्या हातात गाडी असताना सांगता येत नाही बाई."

ओझेला हळूहळू शिकत होती. वळताना स्टेअरिंगला मिठी मारायची सवय गेली. आरसा हा फक्त टोपी नीट करायला नसतो, हे पटलं. एकदा कोल्ड क्रीकच्या पुलावरून परतताना ती म्हणाली, "माझी आई याच रस्त्यानं गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जायची. चालत. मोटारी धुरळा उडवत जायच्या आणि तिचा इस्त्रीचा एप्रन लाल व्हायचा. मग ती हातात घडी करून न्यायला लागली." एवढंच बोलून तिनं वेग थोडा वाढवला आणि अर्लीननं मागं डोळे मिटले.

ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. एका सकाळी केझायाच्या दुकानाची वेळ होती आणि ओझेला चालवत होती. पुढं पिवळी बस होती. बसचे लाल दिवे लुकलुकले, बाजूची थांबा-पाटी बाहेर आली. ओझेलानं नियमाप्रमाणे बरंच मागं गाडी थांबवली. वॉन्डाचीच फेरी ती, वॉन्डाचेच थांबे. मेंढरांसारखी मुलं घराघरांतून धावत आली आणि चढायला लागली.

वेण्यांत पांढरे मणी असलेली ती मुलगी शेवटी होती. पायरीवर पाय ठेवताना तिला मरून ब्युइक दिसली. मिस वॉन्डाला त्या गाडीतून येता-जाता तिनं गावात कितीदा बघितलं असणार. सवयीनं तिनं हात वर केला आणि हलवला. मग स्टेअरिंगमागं कोण आहे ते तिला दिसलं. हात तसाच हवेत राहिला. क्षणभर तिला कळेना काय करावं. आणि मग तिनं पुन्हा हलवला, आता ओझेलासाठी.

ओझेलानंही एक हात उचलून हलवला. बस गेली, दिवे विझले, रस्ता मोकळा झाला. ओझेलाचा पाय ब्रेकवरून निघेना. केझायानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागं शेंगांचा ट्रक येऊन थांबला आणि भोंगा वाजवायला लागला.

"आजी, निघायचं?"

"वाजवू दे त्याला," ओझेला म्हणाली. "जरा वाजवू दे."

दोघींनी तिथंच, भर रस्त्यात, रडून घेतलं. ट्रकवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं भोंगा बंद केला आणि तो थांबून राहिला. मग ओझेलानं आरसा बघितला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि निघाली. जाताना खिडकीतून हात काढून ट्रकवाल्याचे आभार मानले.

कॉलेज उघडायच्या आदल्या आठवड्यात परीक्षा होती. परीक्षक एक तरुण पोरगा होता, ती कार्यालयात शिरली तेव्हापासून तिला 'मॅम, मॅम' करत होता. ओझेलानं वळणं नीट घेतली, पाटीशी थांबली, गाडी सरळ मागंही घेतली. शेवटी दोन खुणांच्या मधे गाडी लावायची होती. तिथं मागचं चाक प्लास्टिकच्या केशरी शंकूवर गेलं आणि तो फटकन फुटला.

"बाकी सगळं छान होतं, मॅम," पोरगा म्हणाला. "सप्टेंबरात पुन्हा या."

बाहेर बाकावर केझाया बसली होती. आजीचा चेहरा बघून तिला कळलं. "जाऊ दे," ती म्हणाली, जरा लवकरच म्हणाली. "मी थांबते ना. दुकानवाले वाटच बघतायत."

ओझेला तिच्या शेजारी बसली. नातीच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं आणि ते तिच्या नजरेतून निसटलं नाही.

"मला एक सांग," ती म्हणाली. "आज मी पास झाले असते, तर तू गेली असतीस?"

केझाया बाकाची कड नखानं खरवडत राहिली.

"तू माझ्या दवाखान्यासाठी थांबलेली नाहीस, कीझी. काय आहे ते सांग. हवं तर गाडीत बसून सांग."

केझायानं नकारार्थी मान हलवली. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी वसतिगृहाच्या त्या खोलीत बसले होते. नूडल्स खात होते. फोन आला." तिनं बाहीनं नाक पुसलं. "मला वाटतं, मी परत गेले की पुन्हा येईल. या वेळी तुझा."

ओझेलानं तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं चोळत राहिली. खोटं बोलून चालणार नव्हतं. "येणारच एक दिवस," ती म्हणाली. "तू इथं बसलीस तरी यायचा तो येईल. मी काय कायमची आहे? पण त्याच्याआधी मी इतके फोन करीन, इतके करीन, की तू वैतागशील. सकाळी करीन, जेवताना करीन. अर्लीनच्या सगळ्या बातम्या तुला तिथं बसून ऐकाव्या लागतील. त्या गर्दीत तो एक फोन कुठं बसतो बघू."

केझाया हुंदका देता देता हसली. "अर्लीनच्या सगळ्या?"

"सगळ्या."

शनिवारी सकाळी तिघी निघाल्या. केझायाच्या बॅगा डिकीत, मागच्या सीटवर अर्लीन आणि तिच्या मांडीवर रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड पाई, शेजारी उकडलेल्या शेंगांची पिशवी. ठरलं होतं असं, की हायवे लागेपर्यंत ओझेलानं चालवायचं, पुढं केझायानं. येताना अर्लीन परवाना घेऊन पुढं बसणार आणि ओझेला गाडी चालवणार. कायद्याला परवानेवाला माणूस शेजारी हवा असतो, त्याला गाडी चालवता यायलाच हवी असं कुठं लिहिलंय, असं अर्लीनचं म्हणणं.

कोल्ड क्रीकचा पूल गेला. पशुखाद्याचं दुकान गेलं. केझाया आधी आरसे बघत होती, मग शेतं बघत होती, मग बोलायचं थांबली. ओझेलानं ओझरतं बघितलं. नातीचं डोकं खिडकीला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं, लहानपणी झोपायची तसं. इतक्या महिन्यांत तिला अशी गाढ झोपलेली ओझेलानं पाहिली नव्हती.

हायवेची पाटी आली.

"उठव तिला," अर्लीन मागून कुजबुजली.

"झोपू दे."

"अगं, पण हायवे तिनं घ्यायचा ठरलंय. आणि कायदा काय म्हणतो? शेजारचा माणूस जागा नको का?"

"तू जागी आहेस ना? मग कायदा तुझ्याकडे." ओझेला हायवेच्या फाट्याकडे वळली नाही, सरळ जुन्या रस्त्यानं निघाली. त्या रस्त्यानं गावागावांतून जावं लागतं, दर कोसावर सिग्नल, दुप्पट वेळ लागतो. लागो. उन्हाची तिरीप केझायाच्या चेहऱ्यावर येत होती, म्हणून एका सिग्नलला ओझेलानं हात लांब करून तिच्या बाजूची झडप खाली घेतली. अर्लीननं पिशवीतून शेंगा काढल्या आणि अजिबात आवाज न करता सोलून पुढं देत राहिली. जन्मात पहिल्यांदा अर्लीन इतका वेळ गप्प बसली असेल.

केझाया जागी झाली तेव्हा समोर उंच इमारती होत्या. ती दचकून सरळ बसली. "हे काय? हायवे?"

"हायवेनं बोलावलं नाही, म्हणून मीही गेले नाही," ओझेला म्हणाली. "आता इथून पुढं सांग, डावीकडे का उजवीकडे? आणि नीट सांग, ही माणसं हातात परवाना नसल्यासारखी चालवतायत."

वसतिगृहाच्या दाराशी केझायानं आजीला खूप वेळ धरून ठेवलं. मग अर्लीनला. मग बॅगा उचलून आत गेली. ओझेलाला वाटलं होतं, आपण इथं कोसळू. पण परतीची वाट डोक्यात घोळवायची होती आणि अर्लीन नकाशा उलटा धरून बसली होती, त्यामुळे कोसळायला सवड झाली नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या परीक्षेला त्याच पोरानं तिला घेतलं. या वेळी शंकू वाचले. संध्याकाळी तिनं अटलांटाला फोन लावला, त्या दिवसातला तिसरा.

"आता काय, आजी? अर्लीनच्या भाचीचं पुढचं?"

"ते आहेच, नंतर सांगते. मिळाला परवाना. फोटोत मी गुन्हेगार दिसते."

पलीकडून इतका मोठा आवाज आला की ओझेलानं फोन कानापासून लांब धरला. मागं कुणीतरी पोरी काय झालं, काय झालं विचारत होत्या आणि केझाया त्यांना सांगत होती.

"मग कुठं गेलीस पहिल्यांदा? एकटी?"

"कुठं नाही. जरा लांबच्या वाटेनं फिरून आले. रेडिओ लावला होता मोठ्यानं." ओझेलानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझं कसं चाललंय? झोप येते का?"

"येते. रोज नाही. पण येते." मग केझाया म्हणाली, "नोव्हेंबरच्या सुट्टीत येणार मी. बस बघते, दुपारची एक आहे."

"बस कशाला? मी येईन न्यायला."

"आजी, हायवेनं नको हं."

"त्याच जुन्या रस्त्यानं येईन. वेळ लागेल. तू दारात उभी राहून वाट बघ."